मधुरावांचं रीळ

माजिवड्याच्या एका उंच इमारतीत, सतराव्या मजल्यावर, सुमतीबाईंनी जेवणाच्या टेबलावर जुना टॉवेल अंथरला आणि त्यावर दोन रिळं ठेवली. त्यांचे यजमान शिवराम जाऊन दीड वर्ष होत आलं होतं. हयात असताना ते रविवारी कधीमधी कल्याणच्या पुढे, रायत्याच्या पुलाजवळ उल्हास नदीवर गळ टाकायला यायचे. तिथेच त्यांची आणि दौलतची ओळख झालेली. आता घरातलं सामान कमी करायचं चाललं होतं, आणि ही रिळं भंगारात जाऊ नयेत असं बाईंना वाटत होतं. म्हणून त्यांनी दौलतला फोन केला होता. दौलतबरोबर नदीवर येणाऱ्या मधुरावांना गाडी असल्यामुळे तेही बरोबर आले होते.

"एक तुम्ही घ्या, एक ह्यांना द्या," सुमतीबाई म्हणाल्या. "पैशांचं बोलू नका. कपाटात मात्र ठेवायची नाहीत. वापरायची."

दोन्ही सेंटरपिन होती. म्हणजे एक साधं चाक, मधोमध एक आस, आसेवर फिरणारा ड्रम आणि ड्रमवर गुंडाळलेला तंगुसाचा, म्हणजे नायलॉनचा, दोरा. गिअर नाही, ब्रेक नाही. पाणी ओढेल तसा दोरा सुटत जातो आणि मासा पळाला की त्याला आवरायला आपला अंगठा तेवढा असतो. त्यामुळे असलं रीळ निवडताना वरच्या चकाकीला अर्थ नसतो. आस सरळ आहे का, आणि टिचकी मारल्यावर चाक किती वेळ, किती शांतपणे फिरतं, एवढंच बघायचं.

मधुरावांनी खिशातून चष्मा काढला, दोन्हींकडे वाकून पाहिलं आणि म्हणाले, "दौलतराव, हे तुमचं क्षेत्र. तुम्ही निवडाल ते माझं."

ते खरंच त्याचं क्षेत्र होतं. चौतीस वर्षं दौलत वागळे इस्टेटमध्ये टर्नर होता. लेथवर फिरणाऱ्या लोखंडात केसाएवढी जरी लचक असली तरी ती त्याला आवाजावरून कळायची. कारखान्यातले इंजिनिअर मोजायचं साधन काढायच्या आधी म्हणायचे, "दौलतला ऐकू दे."

सुमतीबाई चहा टाकायला आत गेल्या. मधुराव गॅलरीत जाऊन खालचा हायवे बघत उभे राहिले. दौलत टेबलापाशी एकटा उरला.

आधी त्याने चकचकीत रीळ उचललं. चांदीसारखं पॉलिश, कडेला बारीक नक्षी, लाकडी मुठी. टिचकी मारली. चाक फिरलं, पण दर फेऱ्याला एकदा, अगदी हलकं, खर्र झालं. पुन्हा फिरवलं. पुन्हा तेच. कधीतरी पडलं असणार. आस वाकली होती, डोळ्यांना दिसणार नाही इतकीच. दुसरं रीळ काळपट, ओरखडे पडलेलं, कुणी फुकट दिलं तरी घेणार नाही असं. त्याला बोट लावलं मात्र, आणि ते फिरतच राहिलं. आवाज नाही, थरथर नाही. दौलत बघत राहिला. एक मिनिट झालं तरी थांबेना. आत कपबशा वाजल्या तसा त्याने पटकन अंगठा टेकवून चाक थांबवलं.

मधुराव आत आले. "काय ठरलं?"

"हे तुम्ही घ्या," दौलत म्हणाला आणि चकचकीत रीळ त्यांच्या हातात दिलं. "तुम्हाला शोभेल."

"आणि तुम्हाला हे काळं?"

"मला काय, कुठलंही चालतं."

मधुरावांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "मोठ्या मनाचे आहात," ते म्हणाले. दौलतने चहाचा कप तोंडाला लावला.

तो मोठ्या मनाचा नव्हता, आणि गेले सात महिने तर मुळीच नव्हता.

दौलतला गळ टाकायला शिकवलं सहदेवने. सहदेव खोपटच्या डेपोतून एसटी चालवायचा. मूळचा गुहागरकडचा, राहायला दिव्यात. दौलत जुन्नरकडचा. गावच्या विहिरीत पोहण्यापलीकडे त्याचा पाण्याशी संबंध नव्हता. वागळे इस्टेटजवळच्या एका खानावळीत दोघं दुपारी शेजारी जेवायला बसायचे. एक दिवस सहदेव म्हणाला, "रविवारी काय करतोस? चल गरवायला." त्याला एकोणीस वर्षं झाली. दर रविवारी सकाळी सहाला कल्याणच्या स्टँडवर भेटायचं, मुरबाडची गाडी पकडायची, रायत्याला उतरायचं. सहदेव थर्मासमधून चहा आणायचा, दौलत कलावतीने दिलेली भाकरी आणि ठेचा. काठावर शेजारी शेजारी बसायचं. कधी कधी दोन-दोन तास एक शब्द नाही. दौलतला सख्खा भाऊ नव्हता. कलावती बहिणींना सांगायची, "ह्यांचा संसार सोमवार ते शनिवार. रविवारी ते सहदेवभाऊंचे."

मग मधुराव आले. नौपाड्यात राहणारे, विमा कंपनीतून अधिकारी म्हणून निवृत्त झालेले, बायको दोन वर्षांपूर्वी गेलेली. एका रविवारी नवीकोरी काठी घेऊन ते एकटेच काठावर उभे होते आणि त्यांचा दोरा जलपर्णीत अडकला होता. सहदेव उठला आणि सोडवायला गेला. तो तिकडेच तासभर रमला.

पुढच्या रविवारपासून गाडी सुरू झाली. मधुराव दिव्याला जाऊन सहदेवला घ्यायचे, मग डोंबिवलीत येऊन दौलतला. दौलत गाडीपाशी पोचायचा तेव्हा पुढच्या सीटवर सहदेव बसलेला असायचा आणि काहीतरी गोष्ट अर्धी सांगून झालेली असायची. दौलतची जागा मागे, काठ्यांच्या शेजारी. "मधुसाहेब, आता तिसरा टाका," सहदेव गिअरकडे बघत म्हणायचा, आणि दोघं हसायचे. त्यात हसण्यासारखं काय होतं ते दौलतला कधी कळलं नाही.

आणि एक गोष्ट त्याला फार लागली. सहदेवचा धाकटा भाऊ लहानपणी खाडीत बुडून गेला होता. सहदेव ते कुणाला सांगत नसे. दौलतला ते कळायला अकरा वर्षं जावी लागली. एका दुपारी, मासा लागत नव्हता तेव्हा, सहदेव पाण्याकडे बघत बोलला होता. मधुरावांना ते चौथ्या रविवारी कळलं. कल्याणच्या सिग्नलला. दौलत मागच्या सीटवर बसून ऐकत होता.

घरी आल्यावर तो कलावतीला म्हणाला, "एवढी गाडीची हौस असेल असं वाटलं नव्हतं."

"कुणाला?"

"सहदेवला."

कलावतीने त्याच्याकडे पाहिलं. "गुडघे दुखतात त्यांचे. गाडीने बरं पडत असेल," ती म्हणाली. "तुमचं काय दुखतंय?"

त्याने काठी उचलून कपाटामागे ठेवली.

रिळं मिळाल्यानंतरच्या पहिल्या रविवारी मधुरावांनी आपलं रीळ रुमालात गुंडाळून आणलं होतं. "दौलतरावांची निवड," ते सहदेवला दाखवत म्हणाले. सहदेवला असल्या वस्तूंत रस नव्हता. तो अजून बांबूच्या काठीला दोरा बांधून मासे धरायचा. "चाक बरं दिसतंय," एवढंच तो म्हणाला.

दौलतच्या मनात होतं, की ह्या वाकड्या आसेमुळे मधुराव दोन रविवारांत कंटाळतील आणि नदीचा नाद सोडतील. झालं भलतंच. सेंटरपिनवर मोरपिसाच्या देठाचा तरंगता फ्लोट पाण्याबरोबर वाहू द्यायचा असतो, दोरा हलके हलके सोडायचा असतो. मधुरावांचं चाक दर फेऱ्याला अडखळायचं, फ्लोटला झटका बसायचा. त्यांना वाटायचं चूक आपल्या अंगठ्याची आहे. मग ते सहदेवला विचारायचे, आणि सहदेव बांबू खाली ठेवून त्यांच्या शेजारी जाऊन बसायचा, त्यांचा अंगठा धरून दाखवायचा. आधी तो त्यांच्याजवळ तासभर असायचा. आता सकाळभर तिथेच असायचा.

दौलत दहा-बारा पावलांवर आपलं काळं रीळ घेऊन बसायचा. ते रीळ अप्रतिम होतं. फ्लोट पाण्यावर पानासारखा जायचा. एका सकाळी त्याला तीन रोहू लागले. तिसरा सोडून देताना त्याने मान वळवून पाहिलं. सहदेवची पाठ त्याच्याकडे होती.

मधुरावांना मासे लागत होते, तेही वाकड्या रिळावर. एकदा सव्वा किलोचा रोहू काढला तेव्हा ते उभे राहून म्हणाले, "ह्याचं श्रेय दौलतरावांना." पुलावर थांबलेल्या दोन अनोळखी माणसांनाही त्यांनी ते रीळ कुणी निवडलं ते सांगितलं. दौलतने हात वर केला. असं कौतुक ऐकताना अंगाला काटे टोचावेत तसं त्याला होत होतं, आणि तरी मनात एकच चाललेलं असायचं: ह्याच्या हातात वाकडं चाकसुद्धा मासे धरतं.

पाचव्या रविवारी कटला लागला.

तो मोठा होता, हे फ्लोट ज्या तऱ्हेने बुडाला त्यावरूनच कळलं. मधुराव उठून उभे राहिले. सहदेव म्हणाला, "सोडा, सोडा, पळू द्या त्याला." चाक खर्र खर्र करत फिरायला लागलं, वेग वाढला, आणि वेगाबरोबर ड्रम डुलायला लागला. ड्रम आणि मागची चकती यांच्यात फट पडली. दोरा त्या फटीत शिरला आणि आवळला. चाक जागच्या जागी थांबलं. मधुरावांनी घाबरून दोरा हाताने ओढायला घेतला, तेवढ्यात माशाने हिसका दिला. तंगूस त्यांच्या तर्जनीत रुतला, मग तुटला. पाण्यावर एक मोठं वर्तुळ उठलं आणि विरलं.

बोटातून रक्त येत होतं. दौलत धावत आला, त्यानेच पाण्याची बाटली ओतली, रुमाल बांधला. जखम खोल नव्हती. मधुराव जखमेकडे बघतही नव्हते. "केवढा होता," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. "सहदेव, तुम्ही पाहिलात ना?"

सहदेवने खाली पडलेली काठी उचलली. फटीतला दोरा नखाने काढला. मग चाकाला टिचकी मारली आणि ते कानाजवळ नेलं. एकदा. दुसऱ्यांदा. चाळीस वर्षं डिझेल इंजिन ऐकलेला माणूस होता तो. त्याने मान वर करून दौलतकडे पाहिलं.

मधुराव बोट धुवायला पाण्यापाशी गेले होते. सहदेव हळू आवाजात म्हणाला, "दौलत, ह्यात आवाज येतो. तू निवडताना तुला ऐकू नाही आला?"

खरं सांगायची ती वेळ होती. दौलतच्या तोंडून निघालं ते हे: "कान गेलेत रे माझे. वर्षभर झालं. घरी पण कुणाला बोललेलो नाही."

सहदेव बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिला. मग त्याचा चेहरा बदलला. "अरे, सांगायचंस ना," तो म्हणाला, मोठ्या आवाजात, बहिऱ्याशी बोलावं तसं.

त्या दिवशी परतताना सहदेव मागच्या सीटवर बसला, दौलतच्या शेजारी.

पुढचे दहा दिवस दौलतला जे इतके महिने हवं होतं ते सगळं मिळालं. सहदेव रोज संध्याकाळी फोन करायचा आणि ओरडून बोलायचा. एक दिवस तर दिव्याहून डोंबिवलीला घरी आला, बिस्किटांचा पुडा घेऊन. कलावतीला म्हणाला, "वहिनी, ह्याच्याशी जरा जोरात बोलत जा." सहदेव गेल्यावर तिने स्वयंपाकघरातून नेहमीच्या आवाजात विचारलं, "आमटीला चिंच घालू की कोकम?"

"कोकम," दौलत बाहेरच्या खोलीतून म्हणाला.

ती दारात येऊन उभी राहिली. "कान तर चांगले आहेत," ती म्हणाली, आणि परत आत गेली.

मधुरावांना सहदेवनेच सांगितलं होतं. त्यांची सून श्रिया कानांची तपासणी करायची. पाचपाखाडीत तिचं छोटं क्लिनिक होतं. मधुरावांनी लगेच वेळ घेतली. "त्यात संकोच कसला," ते फोनवर म्हणाले. "आणि दौलतराव, रिळाचं मनाला लावून घेऊ नका. तुम्हाला ऐकू येत नव्हतं, त्याला तुम्ही काय करणार?"

दौलतने टाळायचा प्रयत्न केला, पण सहदेव त्याला न्यायला आला. गुरुवारी सकाळी अकराला दोघं पाचपाखाडीत पोचले.

श्रियाने त्याला एका लहान, बंद खोलीत बसवलं. कानांवर हेडफोन, हातात बटण. "काका, आवाज आला की दाबायचं. कितीही बारीक असला तरी." काचेपलीकडे ती यंत्रासमोर बसली. आवाज सुरू झाले. टूं. टूं. दौलतला सगळे ऐकू येत होते. पहिले दोन सोडून त्याने तिसऱ्याला बटण दाबलं. मग चार सोडले. आपण काय करतोय याची त्याला लाज वाटत होती, पण अंगठा त्याचं ऐकत नव्हता. बाहेर बाकावर सहदेव बसला होता, दुखरे गुडघे घेऊन दोन जिने चढून आलेला.

थोड्या वेळाने श्रिया दार उघडून आत आली. तिने हेडफोन काढून घेतले, पाठ फिरवली आणि तारा गुंडाळता गुंडाळता अगदी हळू विचारलं, "काका, चहा सांगू का?"

"नको," दौलत म्हणाला. आणि म्हटल्यावर त्याला कळलं.

श्रिया वळली. ती हसली नाही. "एकाच आवाजाला तुम्ही एकदा दाबता, एकदा नाही," ती म्हणाली. "मशीनवर काम केलेल्यांचं वरच्या पट्टीत थोडं कमी होतं, तेवढं तुमचंही असेल. बाकी तुम्हाला उत्तम ऐकू येतं. मी कागदावर काय लिहू ते तुम्हीच सांगा."

"काही लिहू नका," दौलत म्हणाला. "मी बोलतो बाहेर."

सहदेव बाकावरून उठायला लागला तसं दौलतने त्याला खाली बसवलं आणि स्वतः शेजारी बसला. समोर भिंतीवर कानाच्या आतल्या भागाचं मोठं चित्र होतं. त्या चित्राकडे बघतच तो बोलला.

"माझे कान चांगले आहेत. मला आवाज ऐकू आलेला. सुमतीबाईंच्या घरी, तेव्हाच. मुद्दाम त्यांना वाकडं दिलं."

सहदेव गुडघा चोळत राहिला.

"तू त्यांच्याकडे बसायला लागलास. मला बघवेना."

"मी काय पळून चाललेलो?" सहदेवने विचारलं. आवाज शांत होता.

"भावाचं सांगितलंस त्यांना. चार रविवारांत."

सहदेवने गुडघ्यांवरचे हात उचलून तोंडावरून फिरवले. "त्यांची बायको गेलेली. ते त्याबद्दल बोलत होते. मग मी पण बोललो. एवढंच आहे ते." थोडं थांबून तो म्हणाला, "मला त्याच दिवशी समजलेलं, दौलत. चाक कानाला लावलं तेव्हाच. तुझे कान मला माहीत नाहीत का? पण तू म्हणालास कान गेले, तर मी धरून चाललो की गेले. दुसरं जे होतं ते मला तुझ्याबद्दल मानायचं नव्हतं."

तो बाकाला धरून उठला. दौलतने हात पुढे केला तो त्याने धरला नाही. "त्यांना तू स्वतः सांग. मी मध्ये पडणार नाही," असं म्हणून तो एकेक पायरी करत जिना उतरून गेला.

दौलत पाचपाखाडीहून सरळ डोंबिवलीला घरी गेला, काळं रीळ पिशवीत घातलं आणि दुपारी परत ठाण्याला आला. नौपाड्यातल्या एका जुन्या इमारतीत मधुरावांच्या घरी तो पहिल्यांदाच जात होता. मधुरावांनी दार उघडलं. बोटाला अजून पट्टी होती.

"या, या. काय म्हणाली श्रिया?"

दौलत बसला नाही. उभ्यानेच सगळं सांगितलं, सहदेवला सांगितलं तसंच, काही न वगळता. पिशवीतून रीळ काढून टेबलावर ठेवलं.

मधुरावांनी बोटावरची पट्टी चाचपली. मग म्हणाले, "मला वाटलं होतं, तुम्ही मला आपलं मानून ते चांगलं रीळ दिलंत. सगळ्यांना सांगत फिरलो मी."

"माहीत आहे."

"पुलावरच्या माणसांनासुद्धा सांगितलं."

दौलतला वाटत होतं की आता ते म्हणतील, असू द्या, झालं गेलं. सुशिक्षित, मोठी माणसं असं म्हणतात. मधुराव तसं म्हणाले नाहीत. त्यांनी काळं रीळ उचललं, टिचकी मारली आणि ते फिरताना पाहत राहिले.

"हे मी ठेवून घेतो," मधुराव म्हणाले. आतून त्यांनी ते चकचकीत रीळ आणलं आणि दौलतच्या हातात दिलं. "मला राग आला आहे, दौलतराव. तो जाईल तेव्हा जाईल. आत्ता चहा विचारत नाही."

"बरोबर आहे," दौलत म्हणाला आणि निघाला.

त्या रविवारी गाडी डोंबिवलीला आली नाही. दुसऱ्या रविवारीही नाही. दौलतने फोन केला नाही, त्यालाही कुणाचा आला नाही. सकाळी तो लवकर उठून गॅलरीत बसायचा आणि मनाशी हिशेब करायचा: आता ते शिळफाट्याला असतील, आता रायत्याला पोचले असतील. आता तर त्या दोघांमध्ये कुणी नव्हतंच. मागची सीटही रिकामी. हा विचार आला की त्याच्या पोटात पूर्वीपेक्षाही जास्त कळ उठायची. चूक कबूल केली की मत्सर जातो असं त्याने कुठेतरी ऐकलं होतं. त्याचा काही गेला नव्हता.

कलावती एक दिवस म्हणाली, "ते रीळ किती दिवस नुसतं बघत बसणार? दुरुस्त करता येतं ना तुम्हाला?"

तो दुसऱ्या दिवशी वागळे इस्टेटमध्ये गेला. त्याच्या जुन्या लेथवर आता काळुराम काम करत होता. दौलतच्याच हाताखाली शिकलेला, आता स्वतः पन्नाशीला आलेला. काळुरामने काही न विचारता बाजूला होऊन जागा दिली. दौलतने वाकडी आस ठोकून काढली आणि नवीन घडवायला घेतली. निवृत्तीनंतरच्या सहा वर्षांत त्याने लेथला हात लावला नव्हता. पहिली आस बिघडली. दुसरी ड्रममध्ये बसली, पण फिरवल्यावर किंचित कुजबुजली. काळुराम म्हणाला, "चालेल की, दादा." दौलतने मान हलवली आणि तिसरी सुरू केली. संध्याकाळी पाचला ती बसली. चाक फिरलं. त्या काळ्या रिळाइतकं नाही, पण आवाज न करता फिरलं.

तिसऱ्या रविवारी तो एकटाच कल्याणच्या स्टँडवर गेला आणि मुरबाडची गाडी पकडली.

रायत्याला गाडी पुलाजवळ उभी होती. मधुराव आणि सहदेव नेहमीच्या जागी, शेजारी शेजारी. दौलतला उतारावरून येताना दोघांनी पाहिलं. मधुरावांनी मान किंचित हलवली. सहदेव गळाला गाठ मारत होता, तो मारत राहिला.

दौलत पंधरा-वीस पावलं पुढे जाऊन बसला. काठी जोडली, रीळ लावलं, फ्लोट पाण्यात सोडला. अर्धा तास गेला. तिकडे सहदेव काहीतरी बोलला आणि मधुराव हसले. दौलतने दोरा उगाचच गुंडाळून पुन्हा सोडला. एकोणीस वर्षांत सहदेवला त्याने कधी काही मागितलं नव्हतं. जे आपलं आहे ते मागायचं कशाला, असंच त्याला वाटत आलं होतं.

"सहदेव," त्याने हाक मारली.

सहदेवने वळून पाहिलं.

"आज थोडा वेळ माझ्याकडे बस."

मधुराव पाण्याकडे बघत राहिले. सहदेवने हातातल्या गळाकडे पाहिलं. मग म्हणाला, "येतो. ह्यांचा गळ बांधून देतो आधी."

गळ बांधायला त्याने बराच वेळ घेतला. मुद्दाम घेतला असेल, किंवा नसेलही. मग बांबू आणि थर्मास घेऊन तो हळूहळू चालत आला आणि गुडघे सांभाळत दगडावर टेकला. दौलतच्या चाकाला त्याने बोट लावलं, ते फिरलं तसं कान दिला.

"नवीन आस?"

"तिसऱ्यांदा जमली."

"हं." सहदेवने थर्मासच्या झाकणात चहा ओतला आणि त्याच्यापुढे धरला. "अजून दुखतं पोटात?"

"दुखतं."

"मग तसं बोलत जा," सहदेव म्हणाला. "लोकांना वाकडी चाकं देऊ नको."

चहा अर्धा झाला असेल, तेवढ्यात मधुराव उभे राहिले. त्यांची काठी वाकली होती आणि ते काळं रीळ निवांत, बिनआवाजी फिरत दोरा सोडत होतं. मासा मोठा होता. सहदेव उठायला गेला, पण त्याचा गुडघा अडला. दौलतने झाकण दगडावर ठेवलं, मासा काढायचं हातजाळं उचललं आणि काठाकाठाने तिकडे धावत गेला. धावतानाही त्याला वाटत होतं, हा मासा माझ्या रिळावर यायला हवा होता.

"अंगठा हलका ठेवा," तो पाण्यात गुडघाभर उतरत म्हणाला. "पळू द्या त्याला. चाक दगा देणार नाही."

मधुरावांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. पण अंगठा हलका केला.